सुरई सोडताना

“...म्हणजे ह्या सगळ्या सुरयांमध्ये श्वास माझा आणि तळाला नाव तुमचं. हे बरोबर आहे का, बाई? तुम्हीच सांगा.”

बाई चहा पीत होत्या. बशीत ओतलेला चहा त्यांनी आधी संपवला.

“श्वास तुझा कसा?” त्या म्हणाल्या. “वारा आहे तो. आत घेतलास, बाहेर सोडलास.”

“बाहेर कुठे? सुरईत सोडला.”

“बरं, सुरईत. पण तुझ्या बाहेरच ना?”

भार्गवने कपाळावर हात मारून घेतला. ह्या बाईला सरळ प्रश्न विचारावा आणि सरळ उत्तर मिळावं, असं आजवर झालं नव्हतं. आज होईल अशी आशा धरणारा तोच वेडा.

आता ही बाई कोण आणि हा भार्गव कोण, ते सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, सकाळी सकाळी चहावर हे भांडण कसलं.

घाटाच्या पायथ्याशी, जिथे जमीन उकरली की पांढरी वाळू लागते, तिथे द्वारका तांबट ह्यांची काचेची भट्टी. पूर्ण नाव फक्त सुरयांच्या तळाला कोरलेलं असायचं. तोंडाने सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. निळ्या, लांब मानेच्या, हलक्याफुल अशा त्या सुरया. त्यातून पाणी कोणी पीत नसे. लोक त्या नुसत्या बघायला घरात ठेवायचे. परदेशातून माणसं यायची, बाईंच्या दारात चपला काढून उभी राहायची. आणि बाई त्यांना म्हणायच्या, “आलात कशाला एवढ्या उन्हात?”

भार्गव केळुसकर हा बाईंचा शिष्य. सगळ्यात जुना, सगळ्यात तयारीचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात धुसफुसणारा.

धुसफुशीचं कारण असं. काचेचं काम एकट्याने होत नाही. एकाने बाकावर बसायचं. लांब लोखंडी फुंकणी समोर आडवी ठेवून ती सतत फिरवत राहायची आणि तिच्या टोकाला लोंबणाऱ्या लालभडक काचेला आकार द्यायचा. दुसऱ्याने फुंकणीच्या मागच्या टोकाला तोंड लावून फुंकायचं. बाकावरचा सांगेल तेव्हा, आणि सांगेल तेवढंच. शेवटी सुरई सुटते तेव्हा जाड हातमोजे घालून तिला झेलायचं, तेही दुसऱ्यानेच.

बाकावर बसतो तो कारागीर. दुसरा तो... दुसरा.

भार्गव इतकी वर्षं दुसरा होता. सुरुवातीला त्याला त्यात धन्य वाटायचं. मग वाटेनासं झालं. आता तर बाईंनी ‘फुंक’ म्हटलं की त्याच्या मस्तकात तिडीक उठायची.

त्यात गोव्याहून मिनेझिस नावाच्या माणसाचा फोन. “भट्टी तयार आहे, बाक रिकामा आहे. येणार की नाही ते आज सांग. नाहीतर मी दुसरा बघतो.”

जायला भार्गवला कोणी अडवलं नव्हतं. गोव्याची एस.टी. गावावरूनच जायची. पिशवी उचलली की झालं. पण पिशवी उचलली जाईना, कारण बाईंची एक पद्धत होती.

शिष्याची जायची वेळ झाली, की बाई त्याला बाकावर बसवत आणि स्वतः हातमोजे चढवत. म्हणजे तो कारागीर, आणि बाई त्याच्या दुसऱ्या. त्याने घडवलेली सुरई धडपणे पेटीत गेली, की तो मोकळा. पेटी म्हणजे काच सावकाश निववायची विटांची जागा. ऊनऊन सुरई लगेच तिच्यात ठेवली आणि उद्यापर्यंत तिथे निवू दिली, तर ती टिकते. बाहेर राहिली तर तडकते. मग ती कोणीही केलेली असो.

भार्गवच्या मागून आलेले शिष्य बाकावर बसून, सुरई पेटीत घालून, बाईंच्या पाया पडून निघून गेले होते. भार्गवला बाईंनी कधी बस म्हटलं नव्हतं.

हे त्याला लागलं होतं. फार लागलं होतं.

“बाई, मला का नाही बसवलंत?”

“कुठे?”

“बाकावर! अजून कुठे?”

“तू मागितलास कधी?”

“आता इतका वेळ काय मागतोय मी?”

“आत्ता तू नाव मागितलंस.” बाईंनी कपबशी उचलून बाजूला ठेवली. “बाक नाही मागितलास.”

भार्गव उठून उभा राहिला.

“बरं. बाक द्या.”

“घे.”

इतकं सोपं? त्याला उगाच फसवल्यासारखं झालं. एवढी वर्षं आतल्या आत कुढत काढली, ती काय ह्या एका शब्दासाठी?

“आज?” त्याने विचारलं.

“मग कधी? तो गोव्याचा माणूस आजच विचारतोय ना?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तू फोनवर ओरडतोस, बाबा. घाटावर ऐकू जातं.”

बाई उठल्या, खिळ्यावरचे हातमोजे काढून आल्या. मोजे त्यांना मोठे होत होते. ते भार्गवच्या मापाचे होते.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “पेटीत गेली तर तू मोकळा. तडकली तर मी पुन्हा बसवेपर्यंत इथेच. तुझ्या हातून पडली तर इथेच.”

“आणि तुमच्या हातून पडली तर?”

“तरी इथेच.”

“हे कुठलं हो न्यायाचं?”

“न्यायाचं कोण म्हणतंय? काच घे.”

भार्गवने फुंकणी भट्टीत घातली, तिच्या टोकावर काच गुंडाळून घेतली आणि येऊन बाकावर बसला. बाकाचं लाकूड बाईंच्या बसण्याने मध्ये झिजलं होतं. तो त्या खळग्यात बसला, आणि इतका आनंद झाला त्याला, की पायाची टाच जमिनीवर थडथड वाजायला लागली. ती थांबेचना.

“फुंका,” तो म्हणाला.

बाईंना ‘फुंका’ म्हणताना त्याच्या अंगावर काटा आला.

बाई वाकल्या, फुंकणीला तोंड लावलं आणि फुंकू लागल्या. काचेच्या गोळ्यात बुडबुडा आला. वाढला. वाढत गेला. भार्गव खूश होऊन बघत राहिला. बुडबुडा एका अंगाला फुगला...

“पुरे! पुरे!”

बाई थांबल्या.

“इतकं कशाला फुंकलंत?”

“तू थांब म्हणाला नव्हतास.”

ते खरंच होतं. फुंकणाऱ्याला नेमकं कुठे थांबायचं ते बाकावरच्याने सांगायचं असतं, हे भार्गवला माहीत नव्हतं थोडंच? पण इतकी वर्षं ‘पुरे’ ऐकायची सवय. म्हणायची कुठे होती?

फुगलेली बाजू त्याने सावरली. इथे मात्र पोराला मानलं पाहिजे. हात त्याचा खरोखर तयार होता. भिजवलेल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन त्याने तापलेली काच गोल केली. वाफ उठली, जळक्या कागदाचा वास सुटला. काच घट्ट व्हायला लागली की तो उठायचा, भट्टीच्या तोंडाशी धरून ती पुन्हा मऊ करायचा, पुन्हा येऊन बसायचा. चिमट्याने मान काढली. लांब, बारीक, किंचित कललेली.

मग तळाला सळई चिकटवली, वरच्या अंगाने फुंकणी तोडली, सुरई आता सळईवर आली. तोंड तेवढं उघडायचं राहिलं होतं. तेही त्याने असं उघडलं, की बाईसुद्धा मान पुढे करून बघायला लागल्या.

“चांगली आहे,” बाई म्हणाल्या.

चांगली? तुमच्यापेक्षा चांगली आहे, भार्गव मनात म्हणाला. मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती, पण मनात अगदी ठणकावून म्हणाला. गोव्याचा बाक त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागला. सुरईच्या तळाला कोरलेलं आपलं नावही दिसायला लागलं.

आता फक्त सोडायची होती. सळईच्या सांध्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, लाकडी ठोकळ्याने सळईवर एक ठोका मारायचा. सुरई सुटते. खाली हातमोजे असतात.

त्याने थेंब टाकला. ठोकळा उचलला. बाईंच्या हातांकडे पाहिलं...

हात थरथरत होते.

त्याने हे कधी पाहिलंच नव्हतं. बाकावर बाईंचे हात फुंकणीवर असायचे, फिरत असायचे. मोकळे, वाट बघत थांबलेले असे ते हात त्याने आज पहिल्यांदा पाहिले. मोठे मोजे मनगटात हलत होते आणि आतले म्हातारे हात आणखी वेगळेच हलत होते.

“मार,” बाई म्हणाल्या.

“जरा वर धरा.”

त्यांनी वर धरले.

“डावा थोडा खाली.”

खाली घेतला.

“तुम्ही... नीट झेलाल ना?”

“झेलीन.”

“नाही, म्हणजे मी खाली पोतं टाकू का? नुसतं असावं म्हणून.”

“टाक की. तुझी सुरई आहे.”

पण पोतं टाकायचं तर सळई सोडायला हवी, आणि सळई सोडायची तर सुरई... भार्गवने पोत्याकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, परत पोत्याकडे पाहिलं. ठोकळा हवेतच होता.

“मार, भार्गवा.”

“एक मिनिट, बाई.”

काचेतली लाली उतरली. आतला निळा रंग वर आला. इतका सुरेख निळा, की त्याला भडभडून आलं. देवा, ही माझी आहे, तो मनात म्हणाला. ही मी केली.

टिक्...

बारीक आवाज. तळापासून मानेपर्यंत एक पांढरी रेघ गेली. भार्गव बघतच राहिला. मग अर्धी सुरई आपोआप गळून खाली पडली आणि उरलेली अर्धी सळईला चिकटून राहिली.



“थंड झाली,” बाई म्हणाल्या.

“तुमचे हात थरथरत होते!” भार्गव ओरडला. “बघितले मी! असे हलत होते!”

“होय.”

“मग मी कशी सोडू?”

“नाहीच सोडलीस,” बाई म्हणाल्या. “मग फुटली कशी?”

भार्गवने ठोकळा खाली आदळला.

मग जे आतून उसळलं ते थेट बाहेर आलं. “तुम्हाला मला पाठवायचंच नाहीये! मी गेलो तर फुंकणार कोण तुमच्यासाठी? म्हणून हे सगळं. हात थरथरतात हे तुम्हाला माहीत होतं. मुद्दाम उभ्या राहिलात!”

बाईंनी मोजे काढले आणि त्याच्यापुढे धरले.

“घाल. माझी एक सुरई व्हायची आहे.”

“आत्ता?”

“भट्टी काय तुझ्या रागासाठी थांबणार आहे?”

काय करणार? घातले मोजे. बाई बाकावर बसल्या आणि त्यांचे हात फुंकणीवर गेले. थरथर कुठे गेली कोण जाणे.

“फुंक,” बाई म्हणाल्या.

त्याने फुंकलं. रागाने फुंकलं.

“पुरे.”

थांबला. पण डोकं थांबलं नाही. जावं का तसंच, बाईंना न विचारता? मिनेझिसला काय सांगू? हो सांगू? आणि मग तिथल्या बाकावर बसून रोज ही तडकलेली सुरई आठवत बसू? एकदा वाटे, हातातले मोजे फेकावेत आणि एस.टी. धरावी. एकदा वाटे, बाईंच्या पायाशी बसून ढसाढसा रडावं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, त्याने जीव नुसता हैराण झाला होता. जमिनीवरचे त्याच्या सुरईचे तुकडे त्याला दिसत होते. निळे. अजून ऊन असतील, त्याला वाटलं.

ठक्.

बाईंनी ठोका मारला होता. नजर भट्टीकडे. सवयीप्रमाणे.

भार्गव तुकड्यांकडे बघत होता.

त्याने हात पुढे केले तेव्हा उशीर झाला होता. बाईंची सुरई मोज्याच्या कडेला लागली, उलटली आणि फरशीवर आपटली.

काय तो आवाज! सगळ्या शेडभर झाला.

आजवर भार्गवच्या हातून एकही पडली नव्हती. एकही. हाच तर त्याचा तोरा होता. फुंकण्यात चूक होईल एकवेळ, पण झेलण्यात? छे. आणि आज त्याचे हात स्थिर होते. थरथरत नव्हते. तरी पडली.

तो तसाच उभा राहिला, मोजे पुढे करून.

बाईंनी सळई बाजूला ठेवली. फुंकणी उचलली.

“काच घेते,” त्या म्हणाल्या आणि भट्टीकडे गेल्या.

“बाई...”

“हं?”

“बोला ना काहीतरी.”

“काय बोलू?”

“रागवा! शिव्या द्या! पाडली मी तुमची सुरई!”

“पाडलीस,” बाई म्हणाल्या. “बाजूला हो, गरम काच येतेय.”

पुन्हा बाकावर. पुन्हा फुंक, पुन्हा पुरे. तीच घडी, तीच वाफ. भार्गवचा राग केव्हाच गळून गेला होता. त्याच्या जागी भीती आली होती आणि ती रागापेक्षा वाईट होती. मान निघाली. सळई लागली, तोंड उघडलं... त्याने हात पुढे केले.

मोजे हलत होते.

आधी त्याला कळलंच नाही. मग त्याने नीट पाहिलं. त्याचेच हात थरथरत होते. दाबून धरावेत म्हटलं तर जास्तच थरथरत होते. ‘बाई, थांबा,’ असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

बाईंनी थेंब टाकला होता. नजर भट्टीकडे होती.

ठक्.

सुरई आली. मोज्यात आली. तिचा भार तळहातांवर पडला आणि मोज्यांतून ऊब वर चढली. बाईंनी सळई ठेवली, उठून पेटीचं दार उघडलं. भार्गवने सुरई आत ठेवली. दार लागलं.

तो भिंतीला टेकला.

“तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत,” तो म्हणाला. आवाज चिरकला. “आत्ताच तर पाडली होती मी. निदान ह्या वेळी तरी बघायचं होतं!”

“बघून काय केलं असतं?”

“सावरली असतीत.”

“मी?” बाईंना हसू आलं. “एका हातात सळई, एका हातात ठोकळा. काय दातांनी झेलू?”

भार्गवलाही हसू फुटलं. नको असताना फुटलं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तेही त्याच वेळी, आणि मोज्याने पुसायला गेला तर गालाला चटका बसला.

फळीवरचा फोन वाजायला लागला. मिनेझिसचाच असणार. वाजत राहिला. भार्गवने त्याच्याकडे बघितलं, उचलला मात्र नाही. शेवटी तो आपला आपण थांबला.

बाई माठातलं पाणी प्यायल्या. त्यांनी झाडू घेऊन दोन्ही सुरयांचे तुकडे एका ढिगात लोटले. त्यात कुठला तुकडा कोणाचा, हे आता भार्गवला ओळखता आलं नसतं.

झाडून झाल्यावर बाई बाकाकडे गेल्या नाहीत. बाकाशेजारी उभ्या राहिल्या. आणि हात पुढे केला.

भार्गवने मोजे काढले आणि त्यांच्या हातात दिले.

ह्या वेळी बाकावर बसल्यावर त्याची टाच वाजली नाही. पण मन स्वस्थ होतं असं समजू नका. मन धावतच होतं. भट्टीकडे, दाराकडे, गोव्याकडे, परत इथे. हात तेवढे काम करत होते.

“फुंका.”

बाईंनी फुंकलं.

“पुरे.”

वेळेवर म्हणाला. पुढेही, जिथे म्हणायला हवं तिथे म्हणाला. सुरई होत गेली. पहिलीइतकी देखणी झाली नाही, हे सांगायलाच हवं. मान जरा आखूड राहिली, पोट एका अंगाला किंचित झुकलं. दुरुस्त करता आलं असतं. पुन्हा एकदा तापवून, पुन्हा एकदा चिमटा लावून... त्याने चिमटा उचललाही. मग खाली ठेवला.

सळई. थेंब. ठोकळा.

बाई समोर हात पसरून उभ्या. मोजे तसेच हलत होते. तेवढेच. उलट आता दमल्यामुळे जास्तच.



ही सुरई गेली तर तो इथेच. बाईंच्या हातून गेली तरी इथेच. असंच ठरलं होतं आणि बाई शब्द फिरवणाऱ्यांतल्या नव्हत्या. गोव्याचा बाक, स्वतःची भट्टी, स्वतःचं नाव, सगळं त्या दोन हलणाऱ्या मोज्यांत होतं. आणि त्यांच्यावर त्याचा काडीचा ताबा नव्हता.

“बाई.”

“हं.”

“पडली तर?”

“पडली तर आवाज होईल,” बाई म्हणाल्या. “मार.”

काचेतली लाली उतरायला लागली होती.

त्याने बाईंकडे पाहिलं नाही. भट्टीकडेही पाहिलं नाही. तेवढी छाती त्याला अजून नव्हती. त्याने डोळे गच्च मिटून घेतले, दात आवळले आणि ठोका मारला.

ठक्.

सळई हलकी झाली.

तो आवाजाची वाट बघत राहिला. अंग चोरून, खांदे वर घेऊन, डोळे मिटून वाट बघत राहिला. भट्टी घुमत होती. बाहेर रस्त्यावरून कुठलीशी गाडी घाट चढायला लागली होती. दुसरा आवाज नव्हता. तरी त्याचा विश्वास बसेना. अजून होईल. आता होईल. तो तसाच बाकावर ताठ बसलेला, हातात मोकळी सळई. आणि त्याच्या पापण्यांखालून पाणी वाहायला लागलं होतं. ते दुःखाचं की सुटल्याचं, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. असा किती वेळ बसून राहिला असता कोण जाणे...

“डोळे काय मिटून बसलास, मेल्या? पेटीचं दार उघड! हात भाजतायत माझे.”